मावशी, तुमचे नाव काय?

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारचा दवाखाना आटोपून मी जेवायला बसणार, तेवढ्यात एका निवृत्त गुरुजींच्या घरून फोन आला. "डॉक्टर, यांना कालपासून ताप आहे. आणि पाठीला वास येतोय. जरा येऊन जाता का?" ताप एक वेळ थांबला असता, पण 'पाठीला वास' हे शब्द ऐकले आणि ताट तसेच झाकून मी निघालो.

गुरुजींना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणे जवळजवळ बंद झाले. एक मुलगा पुण्याला, दुसरा परदेशात. घरात त्यांच्या पत्नी. त्याही शिक्षिका होत्या, सारे गाव त्यांना 'बाई' म्हणते, वय बहात्तर, दोन्ही गुडघे दुखरे. आणि दिवसपाळीला एका ब्युरोकडून आलेली मावशी. मी गुरुजींना कुशीवर वळवले. माकडहाडाच्या जरा वर तळहाताएवढी जखम, कडा काळ्या पडलेल्या, आत पू. झोपून राहणाऱ्या रुग्णाला होणारी ही जखम. आपण तिला 'बेडसोअर' म्हणतो, पुस्तकात 'शय्याव्रण'.

माझा पारा चढला. मी मावशीवर ओरडलो, "दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितलं होतं ना? काय करत होतीस दिवसभर?"

मावशी खाली मान घालून उभी होती. पण उत्तर तिने दिले, आणि ते उत्तर मी अजून विसरलेलो नाही. "डॉक्टरसाहेब, तुम्ही मला नाही सांगितलं. दादांना सांगितलं. दादा पुण्याला गेले. मला वाटलं, आजारी माणसाला हलवू नये."

वाचकहो, ती खरे बोलत होती. सहा महिन्यांत त्या घरी मी चार वेळा गेलो होतो. दर वेळी खुर्चीत बसून मुलाशी बोललो, मुलाच्या हातात चिठ्ठी दिली, बाईंनी केलेला चहा घेतला. जी व्यक्ती दिवसाचे बारा तास रुग्णाजवळ होती, तिच्याशी एक शब्दही बोललो नव्हतो. तिचे नावही मला ठाऊक नव्हते. त्या दिवशी प्रथमच विचारले, "मावशी, तुमचं नाव काय?"

तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये चुका झाल्या नाहीत असे म्हणणारा डॉक्टर खोटे बोलतो. ही माझी चूक होती. आजचा लेख तिच्यातूनच आला आहे.

घरोघरी म्हातारपण, सांभाळायला कोण?

२०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख होती. म्हणजे शंभरात साधारण साडेआठ. आपल्या महाराष्ट्रात हे प्रमाण त्याहून जास्त, शंभरात जवळजवळ दहा. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२३ साली काढलेल्या अहवालाचा अंदाज असा, की २०५० पर्यंत देशात अशी माणसे ३४ कोटी ७० लाख होतील. म्हणजे दर पाच माणसांत एक.

आकडे बाजूला ठेवा आणि आपल्याच आळीकडे पाहा. पूर्वी घरात सुना, लेकी, भाचे, आश्रित असायचे. आजाऱ्याजवळ कुणी ना कुणी बसलेले असे. (त्यात घरच्या बाईच्या कंबरेचा काटा ढिला व्हायचा, ते कुणी मोजत नसे, हेही खरे.) आता मुले शिकून पुण्या-मुंबईला गेली, बेंगळुरूला गेली. सुना नोकरी करतात. घरी राहिले दोन म्हातारे जीव. त्यांतला एक पडला की दुसरा त्याला उचलू शकत नाही.

२००७ साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्याखाली मुलांकडून दरमहा जास्तीत जास्त दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळवून देता येतो. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, 'आयुष्मान'चे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले. दोन्ही गोष्टी चांगल्याच. पण कायदा पैसे मिळवून देतो, हात देत नाही. आणि 'आयुष्मान'चे कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावर चालते. रुग्णालयातून घरी आणल्यानंतर रात्री दोन वाजता कूस कोणी बदलायची, याचे उत्तर त्या कार्डावर नाही.

ते उत्तर म्हणजे ही मावशी. किंवा पुरुष रुग्ण असेल तर 'मामा'. आपल्या गावात अशा कितीतरी मावशा आणि मामा आहेत. कालपर्यंत शेतात निंदणी-खुरपणी करणारी, खानावळीत पोळ्या लाटणारी बाई आज तुमच्या वडिलांच्या नाकातली नळी सांभाळते. परिचारिकेला काही वर्षांचे शिक्षण असते, परीक्षा असते, नोंदणी असते. हिला बहुधा एक दिवस कुणाच्या तरी मागे उभे राहून पाहायला मिळते, की लगेच ड्यूटी सुरू. चूक झाली तर बोलणी मात्र तिलाच.

आधी हात शिकले पाहिजेत

त्या दिवशी जखम साफ करताना मी मावशींना जवळ उभे केले आणि सगळे दाखवले. सातवीपर्यंत शिकलेली ही बाई एकदा सांगितलेले विसरत नाही, हे मला दुसऱ्याच भेटीत कळले. जे तिला शिकवले तेच इथे लिहितो. घरात झोपून असलेला रुग्ण असेल तर हा भाग कापून ठेवावा.

१) कूस दर दोन तासांनी बदलावी. डावी, पाठ, उजवी असा क्रम भिंतीवर वेळेसह लिहून ठेवावा. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, खांद्याची हाडे रोज उजेडात पाहावीत. लालसर डाग दिसला तर बोटाने दाबावा. दाबूनही पांढरा पडत नसेल तर जखमेची ती पहिली पायरी समजावी. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही; तिथे कातडी काळपट, गरम किंवा टणक लागते का पाहावे. अशा जागी चोळू नये, मालिश करू नये. हवेची गादी उपयोगी पडते, पण गादी घेतली म्हणून कूस बदलणे थांबवू नये. जखम झालीच तर हळद, चुना, पावडर भरू नये, डॉक्टरांना दाखवावी.

२) भरवताना रुग्णाला शक्य तितके सरळ बसवावे, हनुवटी किंचित खाली. झोपवून पाणी पाजू नये. अर्धांगवायू असेल तर घास तोंडाच्या चांगल्या बाजूला द्यावा, लहान द्यावा, पहिला गिळल्याशिवाय दुसरा देऊ नये. जेवणानंतर गालात अन्न राहिले नाही ना ते पाहावे आणि अर्धा तास बसवूनच ठेवावे. वारंवार ठसका लागत असेल तर ते दुखणे समजावे; अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो.

३) लुळा हात धरून कधीही ओढू नये. खांदा निखळतो. वर सरकवायचे असेल तर अंगाखाली चादर घालून दोघांनी चादरीने सरकवावे. खुर्चीत बसवताना खुर्ची चांगल्या बाजूला ठेवावी. उचलणाऱ्याने कंबरेतून वाकू नये, गुडघ्यांतून वाकावे; नाहीतर घरात दुसरा रुग्ण तयार.

४) लघवीची पिशवी ओटीपोटाच्या पातळीपेक्षा खाली असावी, पण जमिनीला टेकू नये. रुग्णाला हलवताना पिशवी त्याच्या पोटावर ठेवतात, ते चूक. पिशवीला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

५) गोळ्या वेळेवर द्याव्यात. कंपवाताच्या गोळीला तर अर्ध्या तासाचा उशीरही काही रुग्णांना जाणवतो, अंग आखडते. कोणतीही गोळी कुटून देण्यापूर्वी विचारावे. काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळण्यासाठीच बनवलेल्या असतात. इन्सुलिन दिले आणि रुग्ण जेवला नाही, तर घाम, थरथर, बरळणे सुरू होऊ शकते. शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्यावे. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये, तडक रुग्णालय गाठावे.

६) कालपर्यंत नीट असलेला वृद्ध आज अचानक बरळू लागला, झोपाळू झाला, माणसे ओळखेना, तर 'वयानं होतं' म्हणून सोडू नये. लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग, अंगातले पाणी वा क्षार कमी होणे, नवीन गोळी, तुंबलेला शौच यांपैकी काहीही असू शकते. बऱ्याचदा ते बरे होण्यासारखे असते.

एवढे सहा धडे जिला नीट येतात ती मावशी माझ्या दृष्टीने अर्धी परिचारिका. आणि हे शिकवायला फारसे पैसे लागत नाहीत. शिकवणारा आणि वेळ लागतो.

मग माणूस ओळखला पाहिजे

गुरुजींच्या घरी दुसरी एक अडचण होती. आंघोळीच्या वेळी ते हात उगारायचे. बोलता येत नव्हते, मग चांगल्या डाव्या हाताने बादली ढकलायचे. एकदा मावशींना गालावर लागले. मुलगा फोनवर म्हणाला, "डॉक्टर, काहीतरी शांत राहण्याची गोळी द्या." मी देणारही होतो.

मावशींनी मात्र बाईंना विचारले, "आजी, साहेब पूर्वी आंघोळ कधी करायचे?" बाई म्हणाल्या, "आयुष्यभर पहाटे पाचला. थंडी असो, पाऊस असो. आंघोळ, मग देवापुढे दिवा, मग रेडिओच्या बातम्या." आणि आता? मावशी नऊला यायची, चहापाणी होऊन आंघोळीला साडेअकरा. चाळीस वर्षे प्रार्थनेच्या घंटेआधी शाळेत हजर असलेल्या माणसाला साडेअकराला, परक्या बाईच्या हाताने, अंगावर काही नसताना आंघोळ. मी त्यांच्या जागी असतो तर मीही बादली ढकलली असती.

मावशींनी बाईंशी बोलून ड्यूटी सहाला सुरू केली. पाच जमत नव्हते, तिचीही मुले होती. आंघोळीच्या वेळी वर पंचा घालायचा, एकेक भाग उघडायचा, पुसायचा, झाकायचा. साबण डाव्या हातात द्यायचा, जेवढे जमेल तेवढे त्यांनी स्वतः करायचे. नंतर धुतलेला सदरा आणि रेडिओ. आठवड्याभरात हात उगारणे थांबले. शांत राहण्याची गोळी मी लिहिलीच नाही.

या गोष्टीला विलायतेत मोठे नाव आहे. आपण साध्या मराठीत 'माणूस ओळखून केलेली सेवा' म्हणू. टॉम किटवुड नावाचे एक मानसशास्त्रज्ञ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांबद्दल हेच सांगत. त्यांचे या विषयावरचे पुस्तक १९९७ मध्ये आले. मेंदू झिजतो तेवढेच रुग्णाचे नुकसान नसते, भोवतालची माणसे त्याला वस्तूसारखे वागवू लागली की तो आणखी खचतो, असे त्यांचे म्हणणे. आमच्या मावशींनी किटवुड वाचलेले नाहीत. त्यांनी फक्त विचारले.

इतरांनी काय केले?

इंग्लंडमध्ये अपंग माणसांनी बरीच वर्षे एक मागणी लावून धरली होती. 'आमची सेवा कोणी, कधी, कशी करायची हे सरकारी कचेरी का ठरवते? पैसे आमच्या हातात द्या, मदतनीस आम्ही निवडू.' १९९६ साली तसा कायदा झाला आणि २००० पासून पासष्टी ओलांडलेल्यांनाही तो लागू झाला. २०१४ च्या कायद्याने सेवेची आखणी त्या माणसाच्या गरजेनुसार आणि त्याला सोबत घेऊन करणे बंधनकारक केले.

पण आखणी कागदावर बदलली म्हणून हात बदलत नाहीत. तिथल्या एका रुग्णालयात रुग्णांची भयंकर हेळसांड उघडकीस आल्यानंतर, २०१३ साली कॅमिला कॅव्हेंडिश यांना मदतनिसांच्या शिक्षणाची पाहणी करायला सांगितले गेले. त्यांना आढळले, की सर्वांना मिळालेच पाहिजे असे किमान शिक्षणच ठरलेले नाही. मग एप्रिल २०१५ पासून नव्या मदतनिसांसाठी पंधरा विषयांचे एक प्राथमिक प्रमाणपत्र सुरू झाले. अन्नपाणी, जंतुसंसर्ग, प्रथमोपचार यांबरोबर रुग्णाचा खासगीपणा, मान, आणि त्याच्या कलाने काम करणे हेही त्यातले स्वतंत्र विषय.

एवढे करूनही २०२१-२२ मध्ये इंग्लंडात या क्षेत्रातल्या १ लाख ६५ हजार जागा रिकाम्या होत्या. मोठे कारण पगार. दुकानात माल लावण्याचे काम तेवढ्याच पैशात मिळत असेल तर रात्री-अपरात्री शौच काढायला कोण थांबणार? मग परदेशांतून माणसे बोलावली, आपल्या देशातूनही पुष्कळजण गेले. आणि जुलै २०२५ मध्ये ते नवे दारही बंद झाले. धडा सरळ आहे. शिक्षण द्या, पण पोट भरेल असे बघा, नाहीतर शिकवलेला माणूस निघून जातो.

जपानने २००० साली दीर्घकालीन सेवेचा विमा सुरू केला. चाळीशीपासून सगळे हप्ता भरतात. म्हातारपणी गरजेची पातळी ठरवून सेवा मिळते, तिची आखणी करणारा माणूस वेगळा असतो. सेवा करणाऱ्यांसाठी तिथे १९८७ च्या कायद्यानेच राष्ट्रीय पात्रता ठरवलेली होती.

आणि आपल्याजवळचे केरळ. कोझिकोडला १९९३ मध्ये काही डॉक्टरांनी वेदनाशमनाचे काम सुरू केले. पुढे मलप्पुरम भागात शेजाऱ्यांनाच शिकवून घरोघरी भेटी देणारे जाळे उभे राहिले. शिक्षक, रिक्षावाले, विद्यार्थी असे साधे लोक त्यात होते. २००८ मध्ये उपशामक सेवेचे धोरण ठरवणारे केरळ हे देशातले पहिले राज्य झाले. तिथली सुरुवात मोठ्या इमारतीने झाली नाही, शेजाऱ्यांनी झाली.

आपल्या तालुक्यात काय करता येईल?

वृद्धांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी खाटा आणि भौतिकोपचार ही त्यातली कल्पना. आपण ज्यांना आरोग्यवर्धिनी केंद्रे म्हणतो त्यांच्या सेवांच्या यादीतही वृद्धांची आणि उपशामक सेवा आहे. जून २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, सरकारने मदतनिसांसाठी जे झटपट अभ्यासक्रम काढले, त्यात घरी सेवा करणाऱ्यांचाही एक होता. म्हणजे काही आठवड्यांत साध्या माणसांना हे शिकवता येते, हे सरकारनेही मानले आहे. आपल्या गावात हे कितपत पोहोचले, याची चौकशी ज्येष्ठ नागरिक संघाने जरूर करावी. तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही.

गेल्या डिसेंबरपासून मी दर रविवारी दुपारी दोन तास दवाखान्यातच मावशी-मामांचा वर्ग घेतो. गावातल्या एक भौतिकोपचारतज्ज्ञ आणि एक निवृत्त परिचारिका मदतीला येतात. पहिल्या रविवारी अकराजण आले. तिसऱ्याला सात. चौकशी केली तेव्हा कळले, कंटाळा कुणालाच आला नव्हता. चौघींना रविवारची सुट्टीच नव्हती. महिन्याचे तीसही दिवस ड्यूटी.

यासाठी त्या त्या घरांकडे माझे मागणे आहे. आठवड्याला एक दिवस सुट्टी द्या; त्या दिवशी घरच्यांनी सेवा करावी, म्हणजे कामाची किंमतही कळते. बारा तासांच्या पाळीत जेवणाची आणि पाठ टेकण्याची वेळ ठरवून द्या. रुग्णसेवेला आलेल्या बाईवर धुणीभांडी लादू नका. धुणे धुवायला गेली की कूस बदलायची राहते. तिच्या बँकखात्यातून वीस रुपये वर्षाला, एवढ्या हप्त्यात प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे दोन लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. तो हप्ता तुम्ही भरलात तर बिघडणार नाही. आणि सावधगिरी दोन्हीकडून हवी. तिचे ओळखपत्र घ्या, पोलिसांकडे नोंद करा, दागिने आणि पैसे कुलपात ठेवा. कुलूप असले की चोरी होत नाही आणि गरिबावर उगाच आळही येत नाही.

एक साधी वही

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे एक वही. जानेवारीत मावशींना मुलीच्या बाळंतपणाला महिनाभर जावे लागले. बदली बाई येणार होती. बाईंना घोर लागला, आता पुन्हा पहिल्यापासून. पण मावशींनी जाण्याआधी शाळेच्या वहीच्या एका पानावर लिहून ठेवले होते. मी ते वाचले. त्यात होते:

"साहेबांना आधी सांगायचं, मग हात लावायचा. आंघोळ सहाला, पंचा घालून. चहा कपात नको, पेल्यात. भातावर ताक शेवटी, आधी दिलं तर जेवत नाहीत. डोळे मिटले म्हणजे नको. डाव्या हाताची मूठ दोनदा आपटली म्हणजे लघवी. उजव्या कुशीवर जास्त वेळ नको, खांदा दुखतो. आजींचा आवाज ऐकू आला पाहिजे, दार उघडं ठेवायचं."

चाळीस-पन्नास शब्द. मी आजवर मोठमोठ्या रुग्णालयांची जाडजूड डिस्चार्ज कार्डे पाहिली. इतका उपयोगी कागद क्वचित पाहिला. बदली बाईला दोन दिवसांत घर कळले.

आपल्या घरी अशी वही आजच करा. पहिल्या पानावर आजार, गोळ्या, वेळा, डॉक्टरांचा फोन. दुसऱ्या पानावर माणूस: काय काम केले, काय म्हणून हाक मारलेली आवडते, केव्हा उठतो, काय खात नाही, कशाची भीती वाटते, दुखते आहे हे कसे सांगतो. शक्य असेल तर हे पान त्याला विचारूनच लिहा. आपल्याबद्दल आपल्याला न विचारता ठरवलेले कोणालाच आवडत नाही. अंथरुणाला खिळलेल्यालाही नाही.

वाचकांचे प्रश्न

*आई रात्री उठून चालू लागते, पडेल म्हणून हात बांधले तर चालेल का?*
बांधू नका. बांधलेला रुग्ण घाबरतो, सुटण्यासाठी झटापट करतो आणि इजा वाढते. पलंग ठेंगणा करा, वाटेत मंद दिवा ठेवा, झोपण्याआधी लघवीला न्या. मुळात त्या का उठतात ते शोधा. बऱ्याचदा कारण लघवी, भूक किंवा दुखणे असते.

*वडील म्हणतात, आज शाळा आहे, डबा दे. खरे सांगावे का?*
स्मृतिभ्रंश असलेल्यांशी वाद घालून उपयोग नसतो. "कोणत्या वर्गाला शिकवायचं आज?" असे विचारा. बोलता बोलता मन वळते. खोटे बोलण्याचीही गरज नाही, त्यांच्यासोबत चार पावले चाला.

*मावशी वारंवार बदलतात, काय करावे?*
आधी त्या का जातात ते विचारा. पैसे, सुट्टी आणि बोलणे, या तिन्हींपैकी एक कारण सापडेल.

गुरुजींची जखम भरायला चार महिने लागले. दिवाळीनंतर पाठ कोरडी झाली. या उन्हाळ्यात न्यूमोनियाने ते गेले. वय झाले होते, पण शेवटपर्यंत पाठीवर दुसरी जखम झाली नाही, अंगाला वास नव्हता, सदरा धुतलेला होता. मी मृत्यूचा दाखला लिहायला गेलो तेव्हा बाई खुर्चीत होत्या आणि मावशी खाली. बाईंनी त्यांना हाताला धरून शेजारच्या खुर्चीत बसवले.

या लेखात मावशींचे नाव घालू का, म्हणून मी विचारले होते. त्या म्हणाल्या, "पेपरात नको, डॉक्टरसाहेब. घरच्यांना ठाऊक आहे तेवढं पुरे." म्हणून इथे छापत नाही. मला मात्र ते आता पाठ आहे. हल्ली कुणाच्याही घरी रुग्ण तपासायला गेलो, की नाडी धरण्याआधी मी जवळ उभ्या असलेल्या मावशीला किंवा मामाला नाव विचारतो, आणि चिठ्ठी लिहून झाली की ती त्यांनाही वाचून दाखवतो. पाच मिनिटे जास्त लागतात. तुमचे डॉक्टर तसे करत नसतील, तर पुढच्या भेटीत तुम्हीच मावशींना पुढे बोलवा.

रविवारचा वर्ग दुपारी तीन ते पाच असतो. फी नाही. येताना एक वही आणावी.